नाव पुसले, मजकूर उरला

शाळेच्या पाटीवरचे अक्षर पुसले की पुसले. ओले फडके फिरले, पाटी काळी झाली, विषय संपला. संगणकावरची फाईल काढून टाकली की तिचेही असेच होत असणार, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. संगणकात एखादी गोष्ट पुसताना बहुतेक वेळा मजकुराला कोणी हातच लावत नाही. पुसले जाते ते नाव. मजकूर जागच्या जागी असतो, त्याच्याकडे जाण्याची वाट तेवढी बुजलेली असते.

ज्यांचा संगणकाशी संबंध विजेचे बिल भरण्यापुरता किंवा नातवंडांचे फोटो पाहण्यापुरता येतो, त्यांना हे सारे सांगून काय उपयोग, असे कोणी म्हणेल. पण आता आपले सगळेच कागद या यंत्रांच्या पोटात गेले आहेत. बँकेचा हिशेब तिथे, सातबारा तिथे, मुलांच्या गुणपत्रिका तिथे आणि लग्नाचे फोटोही तिथेच. अशा वेळी 'पुसले गेले' आणि 'नष्ट झाले' यांतला फरक ठाऊक असणे हे स्वयंपाकघरातल्या सिलिंडरची कळ कोणत्या बाजूला फिरवायची हे ठाऊक असण्याइतकेच गरजेचे झाले आहे. हा फरक मला एका दूध संस्थेच्या कार्यालयात, एका रात्री, फार जवळून पाहायला मिळाला. ती हकीकत सांगण्यापूर्वी एका गोष्टीची ओळख करून द्यायला हवी.

एका वाड्यातली बिऱ्हाडे

पूर्वी पुण्या-नाशकाकडे एकेका वाड्यात दहा-दहा बिऱ्हाडे नांदत. वाडा एकाच्या मालकीचा, जिना एक, नळ एक. पण प्रत्येकाची चूल वेगळी, कडी-कोयंडा वेगळा. संगणकाच्या जगात अशी सोय १९६० च्या दशकातच झाली. आयबीएम कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथल्या केंद्रात, अवाढव्य किमतीच्या एका यंत्रात अनेक काल्पनिक यंत्रे नांदवण्याचा प्रयोग १९६७ साली प्रत्यक्ष वापरात आला आणि १९७२ मध्ये कंपनीने 'व्हीएम/३७०' या नावाने ती सोय गिऱ्हाइकांना दिली. टेबलावरच्या साध्या संगणकावर ही कल्पना १९९९ मध्ये 'व्हीएमवेअर'च्या रूपाने आली, आणि २००७ पासून 'लिनक्स' या मुक्त प्रणालीच्या गाभ्यातच 'केव्हीएम' नावाने ती सामील झाली. अशा काल्पनिक यंत्राला 'व्हर्च्युअल मशीन' म्हणतात. आपण त्याला बिऱ्हाड म्हणू.

बिऱ्हाडाला आपण भाडेकरू आहोत याचा पत्ता नसतो. आपल्याला स्वतःचा प्रोसेसर आहे, स्वतःची मेमरी आहे, स्वतःची हार्ड डिस्क आहे, असेच ते समजून चालते. प्रत्यक्षात ती हार्ड डिस्क म्हणजे मालकाच्या, म्हणजे खऱ्या संगणकाच्या डिस्कवरची एक फाईल असते. एकच, पण भली मोठी. तिला 'डिस्क इमेज' असे नाव आहे. बिऱ्हाडातले सारे सामान, कार्यक्रम, हिशेब, पत्रव्यवहार, त्या एका फाईलीत. यात सोय अशी की, ती फाईल उचलून दुसऱ्या संगणकावर नेली की अख्खे बिऱ्हाड हलते. टेम्पो नको, हमाल नको. आणि गैरसोय अशी की, तेवढी एक फाईल गेली की अख्खे बिऱ्हाड रस्त्यावर.

संध्याकाळचे दूध घेऊन झाल्यावर

संगणकांच्या देखभालीचा माझा व्यवसाय आहे. तालुक्याच्या गावांतल्या पतसंस्था, शाळा, दूध संस्था ही माझी गिऱ्हाइके. त्यांपैकी एका दूध संस्थेकडे आसपासच्या अनेक गावांचे दूध येते. पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी सहाला गावोगावच्या केंद्रांवर कॅन घेऊन माणसे उभी राहतात. दुधाचे माप होते, फॅट आणि एसएनएफ काढले जाते, आणि आकडे तिथून थेट कार्यालयातल्या सर्व्हरवर जातात. उत्पादकाच्या हाती एक चिटोऱ्याएवढी पावती पडते. दर दहा दिवसांनी या आकड्यांवरून बिल निघते आणि पैसे खात्यावर जमा होतात. ज्या घरात दोन म्हशी आणि पाऊण एकर जिरायत, त्या घराचे वाणसामान, मुलीची एसटीची पासफी आणि पेंडीची उधारी, सगळे त्या बिलावर अवलंबून.

हा हिशेब ठेवणारा सर्व्हर म्हणजे वर सांगितले तसे एक बिऱ्हाड होते. खऱ्या संगणकाची डिस्क भरत आली होती, म्हणून तिथला तरुण ऑपरेटर जुन्या फाईली काढून जागा करत होता. एकाच बिऱ्हाडाच्या दोन फाईली शेजारी शेजारी होत्या. एक महिन्याच्या सुरुवातीला काढून ठेवलेली नक्कल, दुसरी चालू. नावांत एका तारखेचा फरक. काढायची होती पहिली, आज्ञा गेली दुसरीला.

रात्री नऊच्या सुमारास त्याचा फोन आला.

"सर, घोळ झालाय. सर्व्हरची फाईलच उडाली माझ्या हातनं."

"मशीन चालू आहे का?"

"चालू आहे सर. तेच तर कळंना. फाईल उडवली साडेआठाला, पण त्यानंतरबी शेवटच्या दोन केंद्रांच्या पावत्या निघाल्या. सगळं चालतंय. पण फोल्डरमधे फाईल नाही. एकदा रिस्टार्ट करून बघू का?"

"अजिबात नाही. कशालाही हात लावू नकोस. फाईल काढल्यावर जागा किती रिकामी झाली?"

"झालीच नाही सर. एवढी मोठी फाईल गेली, तरी जागा होती तेवढीच दाखवतंय."

तो ज्याला कोडे समजत होता, ती खरे तर आशेची पहिली खूण होती. फाईल गेली असती तर जागा मोकळी झाली असती. जागा अडलेली होती, याचा अर्थ सामान अजून आतच होते.

मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. सर्व्हर बंद करायचा नाही, पुन्हा चालूही करायचा नाही. यूपीएसची बॅटरी आणि जनरेटरचे डिझेल पाहून ठेवायचे. आणि त्या खोलीच्या बटणांपाशी शिपाईमामांना खुर्ची टाकून बसवायचे. कोणी आले तरी बटणाला हात लागता कामा नये. मग मी गाडी काढली.

वाचक उठेपर्यंत पुस्तक रद्दीत जात नाही

हे कसे घडले, ते समजून घेण्यासाठी एक ग्रंथालय डोळ्यांसमोर आणा. पुस्तके आत, मांडणीवर आहेत. बाहेर लाकडी खणांत कार्डे लावलेली आहेत. कार्डावर पुस्तकाचे नाव आणि त्याचा क्रमांक. आपण नाव शोधतो, क्रमांक पाहतो, आणि मग ग्रंथपाल त्या क्रमांकाचे पुस्तक आतून आणून देतो.

लिनक्सचा कारभार असाच चालतो. फोल्डर म्हणजे कार्डांचा खण. फाईलीचे नाव तिथे असते. फाईल म्हणजे खरी वस्तू; ती आत असते आणि तिची सारी माहिती, म्हणजे तिचा आकार, मालक आणि डिस्कवरचे तुकडे कुठे कुठे आहेत याचा तपशील, एका क्रमांकाच्या नोंदीत असते. या नोंदीला 'आयनोड' म्हणतात. आयनोडमध्ये नाव नसतेच! एका पुस्तकाची दोन कार्डे असू शकतात, तशी एका फाईलीला दोन नावेही असू शकतात. म्हणून प्रत्येक नोंदीत 'बाहेर किती कार्डे आहेत' याचा एक आकडा राखलेला असतो.

आपण फाईल काढून टाकतो तेव्हा एक कार्ड फाडले जाते आणि तो आकडा एकाने कमी होतो. आकडा शून्यावर आला की पुस्तक रद्दीत काढायला हरकत नसते. पण ग्रंथपाल आणखी एक गोष्ट पाहतो. ते पुस्तक या क्षणी वाचनकक्षात कोणी वाचत बसले आहे का? बसले असेल, तर त्याच्या हातातून ते ओढून घेतले जात नाही. तो वाचत राहतो, समासात टिपणेही लिहू शकतो. तो उठला, पुस्तक परत केले, की त्याच क्षणी ते रद्दीत.

आमचे बिऱ्हाड म्हणजे तो वाचक. त्याने ती फाईल सुरू होतानाच उघडून हातात धरली होती. दारावरची नावाची पाटी गेल्याचे त्याला कळले नव्हते. म्हणून तर साडेआठनंतरही पावत्या निघत राहिल्या आणि ती दुधाची मापे त्या बिननावाच्या फाईलीत व्यवस्थित लिहिली गेली.

आता लक्षात येईल की 'रिस्टार्ट करून बघू का' हा प्रश्न किती धोक्याचा होता. एरवी यंत्र अडले तर बंद करून चालू करणे हा आपला घरगुती रामबाण उपाय. आणि बंद करायचे ते रीतसर शटडाऊन करून, ही चांगली सवय. त्या रात्री मात्र हीच सवय घातक ठरली असती. वीज गेली असती तरी तेच झाले असते. ज्या फाईलींची नावे गेली आहेत पण ज्या कोणी तरी धरून ठेवल्या आहेत, त्यांची एक यादी डिस्कवर ठेवलेली असते. 'अनाथ' असेच त्यांना म्हणतात. यंत्र अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाले, की प्रणाली पहिल्यांदा ती यादी काढते आणि राहिलेले काम इमानेइतबारे पुरे करते, म्हणजे त्या फाईली खरोखरच मोडीत काढते.

श्वास रोखून

पोहोचल्यावर पहिले काम, तो वाचक शोधून काढण्याचे. लिनक्समध्ये 'प्रॉक' नावाचे एक फोल्डर असते. ते डिस्कवर नसतेच. प्रणाली ते जागच्या जागी तयार करून दाखवते. चालू असलेल्या प्रत्येक कार्यक्रमाच्या क्रमांकाचे एक उपफोल्डर तिथे असते, आणि त्यात त्या कार्यक्रमाने कोणकोणत्या फाईली हातात धरल्या आहेत त्यांची यादी 'एफडी' या नावाखाली दिसते. आम्ही बिऱ्हाडाचा क्रमांक काढला, यादी उघडली. एका ओळीत हरवलेल्या फाईलीचे पूर्ण नाव होते आणि त्यापुढे एकच शब्द, 'डिलीटेड'. त्या मुलाने तो शब्द वाचला आणि त्याचा चेहरा पडला. मी म्हणालो, "अरे, ही मरणाची नोंद नाही, पत्ता आहे हा. या वाटेने आत जाता येतं."

खरोखरच जाता येते. त्या ओळीची नक्कल काढली की आतल्या मजकुराची नक्कल मिळते. साधी कॉपी करण्याची आज्ञा चालते. मात्र त्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, जागा. डिस्क तर भरलेली. म्हणून तर हे रामायण घडले होते. फाईल होती १८० गिगाबाईटची. संस्थेत असलेली एक जुनी बाहेरची डिस्क जोडून पाहिली. पण तिची आखणी जुन्या 'फॅट-३२' पद्धतीची होती. (दुधातल्या फॅटशी याचा संबंध नाही.) या पद्धतीत एक फाईल ४ गिगाबाईटच्या वर जाऊच शकत नाही. तिथे १८० ची काय कथा! शेवटी सचिवांनी बाजारपेठेतल्या एका फोटो स्टुडिओवाल्याला उठवले. लग्नाच्या चित्रीकरणासाठी आणलेली एक कोरी करकरीत डिस्क त्याने काही न विचारता दिली. ती आम्ही नव्याने आखून घेतली.

दुसरी गोष्ट, स्थैर्य. एखादा माणूस वहीत लिहीत असताना त्याच वहीची नक्कल काढू लागलो, तर पहिले पान जुने आणि शेवटचे पान नवे असा घोटाळा होतो. म्हणून बिऱ्हाडाला लिहिणे थांबवायला हवे, पण वही हातातून ठेवू द्यायची नाही! आम्ही आधी बिऱ्हाडाच्या आत जाऊन हिशेबाचा कार्यक्रम आणि माहितीचा साठा रीतसर थांबवला आणि मेमरीत असेल नसेल ते सारे डिस्कवर उतरवून घेतले. मग बाहेरून त्या बिऱ्हाडाला 'सस्पेंड' केले. सस्पेंड म्हणजे बंद नव्हे. हृदय थांबवायचे नाही, श्वास तेवढा रोखून धरायचा. कार्यक्रम जिवंत राहतो, फाईल त्याच्या हातात राहते, पण एक अक्षरही बदलत नाही.

रात्री साडेअकराला नक्कल सुरू झाली. सेकंदाला १०० मेगाबाईटच्या वेगाने १८० गिगाबाईटला अर्धा तास लागतो. आमच्या डिस्कचा वेग तेवढा नव्हता. बाराला पाच कमी असताना वीज गेली.

यूपीएस कण्हू लागला. कोणी काही बोलले नाही. दूध थंड ठेवायचे म्हणून संस्थेत जनरेटर होताच. वॉचमन टॉर्च घेऊन धावला आणि दोन-तीन मिनिटांत त्याची घरघर ऐकू आली. पडद्यावरचा आकडा पुढे सरकतच होता. बाराच्या पुढे काही मिनिटांनी नक्कल पूर्ण झाली.

इथे घाई करून चालत नाही. मूळ फाईल अजून हातात होती आणि ती गोठलेली होती, म्हणून मूळ आणि नक्कल या दोन्हींचा ठसा काढून ताडून पाहता आला. असा ठसा म्हणजे सगळ्या मजकुरावरून गणिताने काढलेला एक लांबलचक आकडा. एक अक्षर जरी बदलले तरी तो वेगळा येतो. दोन्ही ठसे जुळले. मग नक्कल वापरून दुसरे बिऱ्हाड उभे केले, त्याला बाहेरच्या जगाशी न जोडता. हिशेब उघडला. त्या संध्याकाळचे शेवटचे माप, शेवटच्या केंद्राचे, लिटर आणि फॅटसकट तिथे होते. त्यानंतरच आम्ही जुन्या बिऱ्हाडाला निरोप दिला. त्या क्षणी डिस्कवर १८० गिगाबाईट जागा मोकळी झाली. वाचक उठला होता, पुस्तक रद्दीत गेले होते.

त्या मुलाने मग एक चांगला प्रश्न विचारला. "सर, एवढी नक्कल काढण्यापरीस तिला नाव परत देता आलं नसतं का?" कल्पना सुचण्यासारखी आहे. नवे कार्ड लिहायचे आणि खणात लावायचे! पण लिनक्समध्ये असा नियम आहे की कार्डांचा आकडा एकदा शून्य झाला की त्या फाईलीला सहसा नव्याने नाव जोडू दिले जात नाही. वाचता येते, नक्कल काढता येते, पुनर्नामकरण मात्र नाही.

पहाटे साडेपाचला केंद्रे उघडली. पावत्या नेहमीसारख्या निघाल्या. दोन दिवसांनी बिलेही वेळेवर झाली. कॅन घेऊन आलेल्या कोणालाही रात्रीची गंधवार्ता नव्हती, आणि ते योग्यच होते.

असे का ठेवले असेल?

ही सारी योजना काही चुका सावरण्यासाठी झालेली नाही. तिचा उगम युनिक्स या प्रणालीत आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये तिची पायाभरणी केली. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या तिच्या पहिल्या माहितीपुस्तकात फाईल काढण्याची 'आरएम' ही आज्ञा आहे. तीच दोन अक्षरे आमच्या ऑपरेटरने त्या रात्री टाईप केली होती. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला, तेव्हा युनिक्सची ही रीत त्यातही आली.

नाव आणि वस्तू वेगळी ठेवण्याचे फायदे रोजच्या कामात आहेत. कार्यक्रम चालू असतानाच त्याची नवी आवृत्ती जुन्या नावाच्या जागी बसवता येते. जे जुनी वापरत आहेत त्यांचे काम मोडत नाही. तात्पुरती फाईल हवी असेल तर कार्यक्रम ती उघडून लगेच तिचे नाव काढून टाकतात. काम संपले की कचरा आपोआप उचलला जातो. विंडोजमध्ये सर्वसाधारणपणे वेगळी रीत आहे. तिथे वापरात असलेली फाईल काढू गेलो तर 'ही फाईल वापरात आहे' म्हणून यंत्र नकार देते. एकाकडे दाराशीच अडवणारा रखवालदार आहे. दुसऱ्याकडे आत सोडणारा, पण बसलेल्याला न उठवणारा.

दोन प्रसिद्ध रात्री

आमच्या तालुक्यातल्या मुलाने लाज वाटून घेण्याचे कारण नाही. १९९८ मध्ये पिक्सार या चित्रपटसंस्थेत 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तयार होत असताना कोणाच्या तरी हातून हीच 'आरएम' आज्ञा भलत्या ठिकाणी सुटली. पडद्यावर पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत एका पात्राची टोपी गेली, मग बूट गेले, मग ते पात्रच नाहीसे झाले. त्यांनी धावत जाऊन यंत्राचा प्लग काढायला लावला, आणि ते बरोबर होते. कारण तिथे पुसण्याचे काम चालू होते आणि ते थांबवायचे होते. आमच्याकडे ते होऊन गेले होते आणि धरून ठेवणाऱ्याला जपायचे होते. दुखणे सारखे दिसले तरी औषध उलटे असू शकते. पिक्सारचा बॅकअप ऐनवेळी नीट निघाला नाही. गॅलिन ससमन या तंत्रदिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या, त्यामुळे त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत होती. तो संगणक पांघरुणात गुंडाळून गाडीतून आणण्यात आला. चित्रपट नोव्हेंबर १९९९ मध्ये प्रदर्शित झाला.

दुसरी घटना ३१ जानेवारी २०१७ ची. गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली. सुमारे ३०० गिगाबाईटपैकी ४.५ गिगाबाईट उरले असताना त्याच्या लक्षात आले. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, वेळेला त्यांपैकी एकही धड चालली नाही. त्याच अभियंत्याने सहा तास आधी सहज काढून ठेवलेली एक प्रत कामी आली. मधल्या सहा तासांची माहिती गेली ती गेली. पण कंपनीने काहीही लपवले नाही. दुरुस्तीचे काम तिने जगासमोर थेट प्रक्षेपित केले, आणि पुढे जाहीर केलेल्या सविस्तर अहवालात त्या अभियंत्याचे नाव घातले नाही.

दोन्ही ठिकाणी तारून नेले ते दुसऱ्या जागी असलेल्या एका प्रतीने. दूध संस्थेतही आता रोज रात्री एक नक्कल दुसऱ्या इमारतीतल्या संगणकावर जाते आणि महिन्यातून एकदा ती उघडून पाहिली जाते. उघडून न पाहिलेला बॅकअप म्हणजे न वाजवलेली घंटा. आग लागल्यावरच ती वाजते की नाही ते कळणार.

घरातल्यांसाठी

आपल्या घरात सर्व्हर नसतो, पण कॅमेऱ्याचे कार्ड असते, पेनड्राईव्ह असतो. त्यांवर बहुधा 'फॅट' कुळातलीच आखणी असते. जुन्या फॅट पद्धतीत फाईल काढली की तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक ठरावीक खूण होते आणि तिची जागा 'रिकामी' म्हणून नोंदली जाते. फोटो मात्र तिथेच पडून असतो, त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. म्हणून कार्डावरचे फोटो चुकून गेले तर त्या कार्डावर आणखी एकही फोटो काढू नये. कार्ड बाहेर काढून ठेवावे आणि जाणकाराकडे द्यावे. 'फोटोरेक'सारखी मोफत साधने अशा कार्डांतून बरेच काही परत काढतात. मिळालेले फोटो त्याच कार्डावर न ठेवता दुसरीकडे ठेवावेत. मोबाईलमध्ये आधी 'ट्रॅश' किंवा 'नुकतेच काढलेले' हा कप्पा पाहावा. तिथे ते काही दिवस राखून ठेवलेले असतात. नव्या एसएसडी प्रकारच्या डिस्कवर मात्र फार विसंबू नये. जागा रिकामी झाल्याचे प्रणाली त्या डिस्कला लगेच कळवू शकते आणि डिस्क ती खरोखरच साफ करून टाकते.

या सगळ्यात यंत्रापेक्षा माणसाचा भाग मोठा आहे, असे मला वाटते. त्या मुलाच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. बिऱ्हाडाने फाईल धरून ठेवली होती, ही एक. आणि त्याने अर्ध्या तासात फोन केला, ही दुसरी. पहिली नसती तर दुसरीचा उपयोग नव्हता, पण दुसरी नसती तर पहिली वाया गेली असती. ओरडा बसेल म्हणून तो गप्प राहिला असता, किंवा कोणाला कळायच्या आत आपणच निस्तरू म्हणून त्याने रिस्टार्टचे बटण दाबले असते, तर हजारो लिटर दुधाचा हिशेब पावत्यांच्या चिटोऱ्यांवरून जुळवायची वेळ आली असती. त्यातल्या किती पावत्या परकराच्या ओच्यात भिजल्या आणि किती चुलीत गेल्या, कोण सांगणार! सचिवांनी त्या रात्री 'हे कोणी केलं' असे एकदाही विचारले नाही. म्हणूनच बहुधा त्यांच्याकडची माणसे फोन करायला भीत नाहीत.

तेव्हा उद्या घरातले पोर रडवेले होऊन म्हणाले, "आई, ट्रिपचे सगळे फोटो उडाले," तर पहिला प्रश्न 'कोणी उडवले' हा नको. तो कॅमेरा या क्षणी कोणाच्या हातात आहे आणि त्याने तो आधी खाली ठेवला का, हे विचारावे. बाकीची चौकशी दुसऱ्या दिवशी चहा पिताना करता येते.